उंबरठा थोडा खाली घ्या!

गावोगावची देवळे, वेशी, बारवा आणि वीरगळ आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत. त्यांचे निदान एक छायाचित्र तरी मागे राहावे, असे वाटणारी माणसे पुष्कळ आहेत. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेराही आहे. मग घोडे अडते कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. जीर्णोद्धार हा शब्द रूढ आहे म्हणून वापरायचा. झाले ते असे की, काळ्या दगडाचे, ठेंगणे पण ऐसपैस असे जुने देऊळ जेसीबी लावून दोन दिवसांत उतरवले गेले आणि त्या जागी सिमेंटचा उंच कळस, गुळगुळीत फरशी आणि स्टीलचे कठडे आले. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी श्रद्धेने वर्गणी दिली, श्रद्धेने काम केले. जुने देऊळ पावसाळ्यात गळत होते आणि ते न पाडता कसे दुरुस्त करावे, हे सांगायला कोणी जाणकार गावात कधी फिरकला नव्हता.

पुढे एकदा शाळेतल्या मुलांनी मास्तरांना विचारले, ''सर, जुने देऊळ कसे होते हो?'' मास्तरांनी फोटो शोधायला घेतला आणि गावात एकही फोटो मिळेना. देवस्थानाच्या दप्तरात जमाखर्चाच्या वह्या होत्या, फोटो नव्हता. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या सभामंडपात कीर्तन ऐकत वाढल्या, त्यांच्याकडेही नव्हता. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढतो? अखेर तो सापडला तो आमच्या आत्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये. लग्नानंतर देवदर्शनाला गेलेले नवरा-नवरी उभे आहेत, आत्याने शालूचा पदर सावरला आहे आणि तिच्या खांद्यामागे देवळाचा एक कोरीव खांब, अर्धा उंबरठा आणि भिंतीला टेकवून ठेवलेला वीरगळ दिसतो आहे. आज एवढाच त्या देवळाचा पुरावा. तो वीरगळ कुठे गेला, हे कोणालाच सांगता येत नाही. बहुधा पायाच्या भरावात गेला असावा.

ही एका गावची गोष्ट झाली. वाचकांपैकी अनेकांना आपापल्या गावची अशीच एखादी गोष्ट आठवली असेल. कोणाच्या गावची वेस रस्तारुंदीकरणात गेली असेल, कोणाच्या वाड्याच्या जागी 'अपार्टमेंट' उभे राहिले असेल, तर कोणाच्या गावची बारव केरकचऱ्याने बुजली असेल.

दप्तरात आहे, जागेवर नाही

ज्या वास्तूंना सरकारी संरक्षण नाही त्यांचे असे होणारच, असे कोणी म्हणेल. पण ज्यांना संरक्षण आहे त्यांची तरी अवस्था काय आहे? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे देशभरातील सुमारे ३,७०० स्मारके आहेत. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी त्यांपैकी १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करवली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. पुढे शोध घेतल्यावर काहींचा पत्ता लागला. २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे जो हिशेब मांडला गेला त्यात बेपत्ता स्मारकांचा आकडा ५० होता. त्यांपैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली होती, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली होती आणि उरलेल्या २४ स्मारकांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. २०२४ मध्ये तर १८ स्मारके संरक्षित यादीतून काढून टाकण्याचा निर्णय झाला. त्यात हरियाणातील मुजेसर येथील मोगलकालीन कोसमिनार होता, दिल्लीतील बाराखंबा दफनभूमीही होती.

यात पहारेकऱ्यांच्या संख्येचा प्रश्न आहे, पैशाचा आहे, इच्छाशक्तीचाही आहे. पण एक साधा प्रश्न त्याहून आधीचा आहे. जे स्मारक हरवले ते दिसत कसे होते आणि नेमके कुठे होते, याची चित्रासह नोंद लोकांसमोर असती, तर ते इतके निमूटपणे हरवू शकले असते काय? कुलूपबंद कपाटातली फाईल कोणी वाचत नाही. गावातल्या दहा जणांनी दहा वर्षांत काढलेले दहा फोटो सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी असतील, तर कोणती भिंत केव्हा ढासळली आणि कोणते शिल्प केव्हा नाहीसे झाले, हे कोणीही तारखेनिशी सांगू शकेल.

साहेबाचा कॅमेरा, आपला कॅमेरा

आपल्याकडे वास्तूंची छायाचित्रे काढण्याची परंपरा तशी नवी नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या कामात होते. १८५५ च्या सुमारास कॅप्टन बिग्ज याने विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंची छायाचित्रे काढली. अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून कित्येक वर्षे खपून भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या नकला १८६६ च्या आगीत जळाल्या. वर्षानुवर्षांचे श्रम एका ठिकाणी आणि एकाच प्रतीत ठेवले की त्यांचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

त्या काळी एक छायाचित्र काढायचे तर मोठी पेटी, तिकाटणे, रसायनांच्या बाटल्या आणि हे सारे वाहून न्यायला बैलगाडी लागे. त्यामुळे काय टिपायचे हे साहेबाने ठरवावे आणि जे टिपले ते विलायतेच्या संग्रहात जावे, अशी रीत पडली. आज गुरे राखणाऱ्या पोराच्या हातातला फोनही गिलसाहेबाला हेवा वाटावा असे चित्र काढतो. त्यावर तारीख आपोआप उमटते, जागाही नोंदवता येते. दीडशे वर्षांत साधन इतके स्वस्त आणि सोपे झाले. पण त्या चित्राने घरातल्या फोनमधून निघून सर्वांच्या उपयोगाच्या ठिकाणी पोचावे, ही वाट मात्र तितकी सोपी झालेली नाही.

हॉलंडने काय केले?

ही वाट सोपी करण्याचा एक चांगला प्रयोग २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपल्या बोलीतल्या हॉलंडमध्ये, झाला. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' नावाची छायाचित्रस्पर्धा घेतली. आपल्या गावातले, पेठेतले संरक्षित स्मारक शोधा, त्याचा फोटो काढा आणि 'विकिमीडिया कॉमन्स' या सार्वजनिक संग्रहात ठेवा, एवढेच आवाहन होते. पहिल्याच वर्षी बारा हजारांहून अधिक छायाचित्रे आली. दुसऱ्या वर्षी युरोपातले अठरा देश सामील झाले आणि एक लाख पासष्ट हजारांहून अधिक छायाचित्रे जमली; जगातली सर्वांत मोठी छायाचित्रस्पर्धा म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. २०१२ मध्ये स्पर्धा जगभर पसरली. त्या वर्षी भारत प्रथमच सामील झाला आणि पहिला आंतरराष्ट्रीय क्रमांकही भारतातल्याच छायाचित्राने, दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या छायाचित्राने, पटकावला.

हे जमले कसे? बक्षिसाचे आकर्षण होतेच, पण खरी गोम वेगळी होती. नेदरलँड्समध्ये राष्ट्रीय संरक्षित वास्तू साठ हजारांच्या घरात आहेत आणि त्यातल्या प्रत्येक वास्तूला स्वतःचा क्रमांक आहे. स्वयंसेवकांनी ही यादी गावनिहाय मांडली आणि प्रत्येक नावासमोर फोटो देण्याची सोय ठेवली. फोटो देणाऱ्याने नाव निवडले की क्रमांक, गाव, वर्गवारी हा सगळा तपशील फोटोला आपोआप चिकटे. यादीत रिकामा चौकोन दिसला की तो भरावासा वाटे. देणाऱ्याने फक्त फोटो द्यायचा. कारकुनी करणारे दुसरे.

हॉलंड हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढा. तिथे साठ हजार वास्तू यादीत, आणि महाराष्ट्रात केंद्राच्या यादीत सुमारे २८५. राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडची आणखी काही शे धरली, तरी प्रमाण काय ते वाचकांनीच पाहावे. आपल्याकडे वास्तू कमी आहेत असे तर कोणी म्हणणार नाही. कमी आहेत त्या याद्या.

मास्तरांची तीन संध्याकाळींची कहाणी

आता आमच्या त्या मास्तरांकडे वळू. आत्याच्या अल्बममधला तो फोटो आणि गावातल्या उरलेल्या दोन वीरगळांचे, एका दीपमाळेचे आणि बुजत चाललेल्या बारवेचे स्वतः काढलेले फोटो कुठेतरी सर्वांसाठी ठेवावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. असाच एक सार्वजनिक छायाचित्रसंग्रह त्यांनी गाठला.

पहिल्या संध्याकाळी खाते उघडले. परवलीचा शब्द तीनदा चुकला. दुसऱ्या संध्याकाळी प्रश्नांची फैर सुरू झाली: ही कृती आपली स्वतःची आहे काय? कोणत्या परवान्याखाली देऊ इच्छिता? फाईलचे नाव काय? वर्ग कोणता? सारे इंग्रजीत. मास्तरांचे इंग्रजी वाईट नाही. पण कायद्याचे इंग्रजी कोणालाच येत नाही. 'वीरगळ' कुठल्या वर्गात घालायचा, हे तर त्यांना कळेना. तिसऱ्या संध्याकाळी चारपैकी तीन फोटो चढले. मास्तरांनी घरात पेढे वाटले नाहीत इतकेच! आठवड्याने पाहतात तो त्यातला एक काढून टाकलेला आणि खाली इंग्रजीत एक कोरडी सूचना. चूक काय झाली, हे सांगणारे कोणी नव्हते. मास्तर म्हणाले, ''फुकट द्यायला गेलो तर आरोपीसारखे उभे केले हो!'' त्यानंतर ते पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. बारवेचा फोटो अजून त्यांच्या फोनमध्येच आहे.

हे नियम निरर्थक नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून देणारे महाभाग असतात. म्हणून मालकीचा प्रश्न विचारावाच लागतो. परवान्याचे म्हणाल तर ती गोष्ट जुन्या धर्मशाळेसारखी आहे. बांधणाऱ्याचे नाव दारावरच्या शिळेवर राहते, पण उतरायला कोणालाही मोकळीक असते. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या मुक्त परवान्याचा प्रचलित प्रकार नेमका हेच सांगतो: छायाचित्र कोणीही वापरावे, छायाचित्रकाराचे नाव द्यावे आणि त्यात फेरफार केल्यास तेही इतरांसाठी असेच खुले ठेवावे. विकण्याच्या पुस्तकात छापायलाही त्यात मुभा असते, आणि इथेच अनेक जण बिचकतात. पण शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रे, गावचा इतिहास हे सारे विकतच मिळते; ती मुभा नसेल तर चित्र पुन्हा कपाटातच राहील. हे एवढे चार ओळींत, सरळ मराठीत सांगितले असते, तर मास्तरांना ते कळले नसते काय?

कायदाही सामान्य माणसाच्या बाजूने आहे, फक्त त्याला ते ठाऊक नसते. सार्वजनिक जागी कायम असलेल्या वास्तुकृतीचे किंवा शिल्पाचे छायाचित्र काढण्याने कुणाच्या हक्काचा भंग होत नाही, असे आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा स्पष्ट सांगतो. त्याच कायद्याप्रमाणे पैसे मोजून काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे आत्याच्या लग्नातला तो फोटो देण्याचा अधिकार आमच्या घराकडेच होता. आणि २०१८ च्या जुलैत पुरातत्त्व सर्वेक्षणाने अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य कबरीचा भाग वगळता आपल्या स्मारकांत छायाचित्रणास मोकळीक दिली. तरीही 'फोटो काढू नका' असे दटावणारा कोणी ना कोणी दारात भेटतोच.

काय करता येईल?

करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. पहिली गोष्ट यादीची. प्रत्येक तालुक्यातल्या जुन्या वास्तूंची, मग त्या संरक्षित असोत वा नसोत, मराठी नावांनी यादी हवी आणि प्रत्येक वास्तूला क्रमांक हवा. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत हौशी मंडळींनी बारवा शोधून त्यांची नकाशावर नोंद करण्याची मोहीम चालवली, वीरगळांचा अभ्यास करणारे गावोगाव फिरले. ही कामे सरकारी आदेशाची वाट न पाहता झाली. त्यांच्या वह्यांतली माहिती एकत्र आली, तर अर्धी यादी तयारच आहे.

दुसरी गोष्ट विचारपूस कमी करण्याची. जागा आणि तारीख फोनला ठाऊक असते. ती माणसाला पुन्हा विचारू नये. जवळपास कोणत्या वास्तूचा फोटो अजून नाही, हे फोननेच दाखवावे आणि तिथे उभे राहून एका बटणात तो पाठवता यावा. २०१२ च्या स्पर्धेसाठी असे साधन तयार झाले होते आणि आज कॉमन्सच्या मोबाइलवरील ॲपमध्ये जवळच्या, चित्र नसलेल्या जागा दिसतात. म्हणजे हे अशक्य नाही. माणसाला विचारायचे ते एवढेच: हे काय आहे, गावात याला काय म्हणतात आणि याबद्दल काय सांगतात? या प्रश्नांची उत्तरे यंत्राला देता येत नाहीत. ती गावातल्या म्हातारीलाच देता येतात.

तिसरी गोष्ट भाषेची आणि वागणुकीची. नव्याने आलेल्या माणसाचा फोटो काढून टाकण्यापूर्वी त्याला मराठीत दोन ओळी लिहाव्यात, चूक सुधारण्याची संधी द्यावी. आणि जिथे यंत्राची भीती वाटते तिथे माणूस हवा. गावोगाव वाचनालये आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या टेबलावर दोन तरुण संगणक घेऊन बसले आणि वडीलधाऱ्यांनी आणलेले फोटो, त्यांनी सांगितलेल्या माहितीसह चढवून दिले, तर केवढे काम होईल!

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. मूर्तीचा फोटो आणि ठिकाण सगळ्यांना दाखवले, तर ते चोरांच्या सोयीचे होणार नाही काय? ही भीती खोटी नाही. एकाकी देवळातल्या, सहज उचलता येणाऱ्या मूर्तींचे नेमके ठिकाण जाहीर न करण्याची सोय म्हणूनच असायला हवी. पण दुसरी बाजूही पाहावी. तामिळनाडूतील श्रीपुरंतन येथील देवळातून चोरीस गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचली होती. ती २०१४ मध्ये भारतात परत आली. अशा मूर्ती आपल्याच आहेत हे सिद्ध करायला उपयोगी पडली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने अनेक वर्षांपूर्वी देवळोदेवळी फिरून काढून ठेवलेली छायाचित्रे. चोराला मूर्ती हेरायला फोटो लागतोच असे नाही. मालकाला मात्र ती परत मागायला फोटोच लागतो.

सोपे केले की कचराही येईल, हा दुसरा आक्षेप. येईल. एकाच दरवाज्याचे पन्नास फोटो येतील, काही अस्पष्ट असतील, काहींत समोर मामा-मामी उभे असतील. येऊ द्यावेत. निवड करणारे नंतर निवड करतील. आत्याच्या लग्नाचा फोटो छायाचित्रणाच्या कोणत्याही स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद झाला असता; पण आमच्या देवळाचा तेवढाच आधार उरला आहे. जे आलेच नाही त्यातून निवडणार काय?

२०१८ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधील रिओ शहरातले राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आगीत भस्मसात झाले. दोनशे वर्षांचा ठेवा गेला. तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले: कधीकाळी सहलीला गेला असाल, तेव्हा काढलेले फोटो पाठवा. आणि लोकांनी हजारोंनी फोटो पाठवले. जळून गेलेल्या वस्तू त्याने परत आल्या नाहीत, पण त्या कशा होत्या हे सांगण्याची सोय झाली. आपण आग लागण्याची वाट का पाहायची? आपल्याकडे तर आग लागावीही लागत नाही. एक जेसीबी, एक ऑइलपेंटचा डबा किंवा एक रुंद रस्ता पुरतो.

जुन्या देवळांच्या गाभाऱ्याचा उंबरठा उंच असतो. देवापुढे जाताना माणसाने जपून, वाकून जावे म्हणून. पण ज्ञानाच्या आणि दानाच्या दारात उंच उंबरठा काय कामाचा? संग्रह चालवणाऱ्यांनी तो थोडा खाली घ्यावा, आणि आपणही एक पाऊल पुढे टाकावे. आज रविवार आहे. दुपारच्या जेवणानंतर माळ्यावरचा जुना अल्बम काढा. नवरा-नवरीच्या मागे, मुंजीच्या मांडवापलीकडे, सहलीच्या घोळक्यामागे काय दिसते ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलने गाव, साल आणि नाव लिहून ठेवा. मग संध्याकाळी पोरांना घेऊन गावातल्या, नाहीतर पेठेतल्या जुन्या दगडापर्यंत चालत जा आणि एक फोटो काढा. मास्तरांची बारव अजून पुरती बुजलेली नाही. पुढच्या रविवारी मी तिथे जाणार आहे, आणि मास्तरांना बरोबर घेऊन जाणार आहे.